नागोरावांचं नऊ मीटरचं झाकण

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावरून आत वळलं, की तिसऱ्या बोळात नागोराव सोनसळे यांचं घर दिसायच्या बरंच आधी ऐकू येतं. ठक, ठक, ठक, मग जरा विश्रांती, मग ठकठक. पाहुण्यांना पत्ता देताना त्यांच्या पत्नी सुशीलाबाई सांगतात, "आवाजाकडे चालत या. आवाज थांबला तर तिथंच उभे राहा, ते चहा पितायत."

नागोराव वसमतकडचे. चोविसाव्या वर्षी पुण्यात आले आणि एसटीच्या कारखान्यात बसच्या छतांना चिकटले ते चौतीस वर्षांनी, निवृत्तीच्या दिवशीच सुटले. महाराष्ट्रात तुम्ही कधी एसटीत बसून डुलकी काढली असेल, तर तुमच्या डोक्यावरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा नागोरावांनी ठोकलेला असण्याची बरीच शक्यता आहे. आता ते घरामागच्या अंगणात टेम्पोचे हौदे, चहाच्या गाड्या आणि पिठाच्या गिरणीची नरसाळी करतात. माणूस अंगानं किरकोळ, मिशी तारेच्या ब्रशसारखी, आणि उजव्या हाताचा अंगठा इतका सपाट की त्यावर लेव्हल तपासावी.

पण या माणसाच्या मनात एक गुपित होतं. ते सुशीलाबाईंना माहीत होतं, म्हणजे बोळालाही माहीत होतं. नागोरावांना गोल हवं होतं. बसचं छत म्हणजे सरळ, सरळ, सरळ आणि कडेला जरासं वाकलेलं. चौतीस वर्षं एकच ओळ गिरवल्यासारखं. एकदा तरी असं काही ठोकावं, की त्याला सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते हाताला कळू नये, असं त्यांना वाटे. मंडईत ते भोपळ्यावरून हात फिरवत उभे राहत. दुसऱ्याच्या मोटारसायकलवरचं हेल्मेट कुरवाळत.

"अहो, घ्यायचा नाही तर सोडा की तो भोपळा," सुशीलाबाई म्हणत. "भाजीवाला पिशवी उघडून बसलाय."

"घडण बघतोय."

"त्याची घडण झालीय. आता भाजी व्हायचीय."

अशा माणसाच्या अंगणात मार्चच्या एका सकाळी नारायण पेठेतले तात्याराव गद्रे येऊन उभे राहिले. वय शहात्तर, कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त. स्वभाव असा, की शेजाऱ्यानं "बरं आहे ना?" विचारलं तर "कशाच्या तुलनेत?" असं उलट विचारणार. या तात्यारावांकडे एक ग्लायडर होतं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. त्याला दोरानं ओढून वर नेतात आणि सोडून देतात, मग ते गरम हवेच्या वर चढणाऱ्या झोतांवर घारीसारखं फिरत राहतं. तात्यारावांचं जर्मन बनावटीचं, एकाच माणसाचं, आणि वयानं त्यांच्या संसाराएवढं. हिवाळ्यातल्या रविवारी ते अजून त्यातून दोन-तीन चकरा मारत. खाली आले की तासभर कुणाला टोमणा मारत नसत. घरच्यांनी त्यामुळेच हा नाद चालू ठेवला होता.

आजवर ते ग्लायडर शहराबाहेरच्या माळावर, एका मित्राच्या शेडमध्ये राहत होतं. आता मित्राच्या मुलानं ती जमीन प्लॉट पाडायला दिली होती. दिवाळीनंतर शेड जाणार. मग ग्लायडरचे पंख काढायचे, सगळं लांबलचक ट्रेलरमध्ये निजवायचं, आणि बारा महिने उघड्यावर ठेवायचं.

"ट्रेलरचा सांगाडा माझ्याकडे आहे," तात्याराव म्हणाले. "वरचं झाकण कुजलं. नऊ मीटर लांब, पुढे निमुळतं, पाठीवर गोल. ते अ‍ॅल्युमिनियमचं करावं का फायबरचं, हे ठरवायचंय. फायबर करणारा तुमच्या बोळात कुणीतरी आहे म्हणे."

फायबर करणारा म्हणजे नागोरावांचा भाचा दिग्विजय. वय चौतीस. बागेतले हत्ती, वॉचमनच्या टपऱ्या आणि पाण्याच्या घसरगुंड्या बनवण्यात त्याचं नाव होतं. पण नागोराव 'गोल' या शब्दानंतरचं काही ऐकतच नव्हते.

पुढच्या रविवारी तात्यारावांनी त्यांना माळावर नेलं. नागोरावांनी ग्लायडरच्या पंखावर हात ठेवला आणि बुडापासून टोकापर्यंत चालत गेले. मग परत आले. मग पुन्हा गेले. चौथ्या फेरीला तात्याराव म्हणाले, "आपण पंख बघताय का प्रदक्षिणा घालताय?"

"याला सांधाच नाही, साहेब."

"फायबरचं आहे. म्हणूनच त्याला जपायचं. पंचावन्न अंशांच्या वर गेलं की याच्या अंगातलं रेझिन, म्हणजे याला धरून ठेवणारा चिकट रस, सैल पडायला लागतं. पंख जरा पिळवटला तरी मी उडायचा थांबलो."

एवढं सांगून तात्यारावांनी ती गोष्ट केली, जी फक्त प्रयोगशाळेतला माणूस करू शकतो. ते म्हणाले, "निवड आपण करायची. चौतीस वर्षं छतं केलीत. आपण सांगाल ते मी करीन."

घरी हे ऐकून सुशीलाबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "म्हणजे ज्याला लाडू हवाय, त्यालाच विचारायचं लाडू कुणाला द्यायचा?"

"मी काय खोटं बोलणार आहे?"

"नाही. म्हणून तर काळजी वाटतीय."

झाकण अ‍ॅल्युमिनियमचं झालं, तर नागोराव ते ठोकणार. फायबरचं झालं, तर दिग्विजय ओतणार. आयुष्यात पहिल्यांदा आलेलं नऊ मीटरचं गोल काम आपल्याकडे येणार की भाच्याकडे जाणार, याचे न्यायाधीश नागोराव स्वतःच झाले होते.

मामा-भाच्यांचा वाद आधी तोंडी झाला.

"मामा, पत्रा म्हणजे रिव्हेट. रिव्हेट म्हणजे भोक. भोक म्हणजे पाणी. सिंपल आहे."

"आणि तुझा तो बागेतला हत्ती दोन वर्षांत पिवळा का पडला?"

"तो यूव्हीमुळे. आता वरून द्यायचा जेलकोट चांगला येतो."

"हत्तीला कावीळ झाली म्हण की सरळ. माझा पत्रा चेपला तर आतून ठोकून बाहेर काढीन. तुझं तडकलं तर?"

"पॅच मारीन. आणि पावसाचा आवाज? तुमच्या पत्र्याखाली ग्लायडर बहिरं होईल."

"ग्लायडरला कान असतात का रे?"

"मग भावना तरी कशाला असतात? तुम्ही माळावरून आल्यापासून 'त्याला झोप लागली पाहिजे, झोप लागली पाहिजे' म्हणताय."

यावर नागोराव उगाच हातोडा शोधायला लागले. कारण ते खरंच तसं म्हणत होते. ग्लायडर झोपणार, आणि आपण त्याचं पांघरूण करणार, अशीच त्यांची समजूत होती.

तात्यारावांना तोंडी वाद मान्य नव्हता. "विचारून कळत असतं, तर थर्मामीटर कुणी कशाला काढला असता?" असं म्हणून त्यांनी ट्रेलरचा सांगाडा नागोरावांच्या अंगणात आणवला. मधोमध प्लायवुडची भिंत घातली. अर्ध्या भागावर नागोरावांनी साधा पत्रा चढवला, अर्ध्यावर दिग्विजयनं दोन थरांत फोम भरलेलं फायबर. दोन्हीकडे एकेक दार, वाऱ्यासाठी एकेक जाळी, आत एकेक थर्मामीटर, आकडा बाहेरून काचेतून दिसेल असा. तात्यारावांनी स्वतःच्या हातानं तक्ता आखला. रकाने पाच. सकाळी सात, दहा, दुपारी पावणेएक, सव्वाचार आणि संध्याकाळी सात. एप्रिलचे पंधरा दिवस नोंदी घ्यायच्या.

तक्त्यात पावणेएक ते सव्वाचार काहीच नव्हतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तात्यारावांच्या येणं शक्यच नव्हतं. आयुष्यातली शहात्तर वर्षं या माणसानं दुपारी एक ते चार डोळे मिटून काढली होती. परीक्षेच्या दिवसांतसुद्धा त्यांची प्रयोगशाळा दुपारी तशी शांतच असे. दिवसाला असेही काही तास असतात आणि त्यांत सूर्य चालूच असतो, ही बाब त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आणि नागोराव? ते त्या वेळी टक्क जागे असत. समोरच्या सोसायटीनं 'दुपारी ठोकाठोक बंद' अशी पाटी लावल्यापासून ते पुढच्या ओसरीत कानस घेऊन बारीक काम करत. पण चौतीस वर्षांची नोकरी हाडांत मुरलेली. रकाना नाही, तर नोंद नाही.

त्यात अंगणाची रचना अशी, की पूर्वेचा भलामोठा कडुलिंब पावणेएकपर्यंत ट्रेलरवर सावली धरायचा, आणि साडेतीनला पश्चिमेच्या चार मजली इमारतीची सावली येऊन बसायची. ऊन अंगणात यायचं ते नेमकं तक्ता झोपलेला असताना.

त्यामुळे आकडे फार सुंदर येत होते. पत्रा एक्केचाळीस, फायबर चाळीस. पत्रा बेचाळीस, फायबर त्रेचाळीस. पत्रा लवकर निवतो, त्यामुळे संध्याकाळी तोच थंड. नागोराव रोज आकडे लिहीत आणि रोज थोडे थोडे तरुण होत. रात्री जेवताना ताटाच्या कडेवरून बोट फिरवीत बसत. मोठ्या मनानं त्यांनी दिग्विजयला एकदा चहासुद्धा पाजला.

"मामा, एवढे गोड का वागताय?"

"तुझा हत्ती चांगला होता रे. रंगाचं सोड."

बाराव्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास नागोरावांना आठवलं, की रबराची पट्टी पत्र्याच्या भागात राहिलीय. ते ओसरीतून अंगणात आले. अंगण पांढरं झालं होतं. बोळात कुत्रं नाही, कावळा नाही. सगळं पुणे पालथं पडलेलं. त्यांनी दार उघडून आत डोकं घातलं आणि भट्टीत घातल्यासारखं बाहेर काढलं. काचेतून आकडा बघितला. अठ्ठावन्न.

ते दुसऱ्या बाजूला गेले. चव्वेचाळीस.

कानावरची पेन्सिल काढून त्यांनी प्लायवुडवर दोन्ही आकडे लिहिले, आणि मग फायबरच्या भागात जाऊन बसले. बसले ते आडवे झाले. बारीक जाळीतून वारा येत होता. दिग्विजयनं या तुकड्याला रंग दिला नव्हता, त्यामुळे ऊन त्यातून गाळून दुधासारखं होऊन आत येत होतं. ढगाच्या पोटात असावं तसं. नोकरीला लागल्यापासून नागोराव दिवसा कधी झोपले नव्हते. त्या दिवशी झोपले.

त्यांना दिसलं, की त्यांनी ठोकलेली सगळी छतं आपापल्या बसवरून सुटून वर चालली आहेत. नांदेडचं, परभणीचं, भोरचं, जुन्नरचं. एकामागून एक, चंदेरी, बिनआवाजाची. वर जाता जाता प्रत्येक छत वाकत होतं. कडा मिटत होत्या, रिव्हेट साखरेसारखे विरघळत होते, आणि आळंदीच्या बाजूच्या आभाळात पोचेपर्यंत त्यांचा एकच लांब, निमुळता, गोल आकार झाला होता. नागोराव त्याच्या पाठीवरून अनवाणी चालत होते. खाली इंद्रायणी दोऱ्यासारखी पडली होती. पाय भाजत नव्हते. वारा मिशीतून जात होता. चालता चालता ते पाठीवरच बसले आणि तळहातानं चाचपून बघू लागले, की सांधा कुठे आहे. सांधा नव्हताच.

जाग आली तेव्हा इमारतीची सावली अंगणात येऊन बसली होती. त्यांनी तोंड धुतलं आणि सव्वाचारच्या रकान्यात लिहिलं. पत्रा एक्केचाळीस, फायबर बेचाळीस.

पुढचे तीन दिवस सुशीलाबाईंनी नवऱ्याचं जेवण मोजलं. भाकरी दीडवर आली. मंडईत भोपळ्याजवळून ते सरळ निघून गेले. तेव्हा त्या म्हणाल्या, "काय झालंय?"

"काही नाही."

"प्लायवुडवर काय लिहिलंय?"

"आकडे."

"ते तक्त्यात का नाहीत?"

"रकाना नाही."

सुशीलाबाईंनी जास्त विचारलं नाही. पदरानं कपाळ पुसत एवढंच म्हणाल्या, "अडीचला कपडे वाळत घालायला मी रोज अंगणात असते. मलाही कातडी आहे."

सोळाव्या दिवशी तात्याराव आले. तक्ता घेतला, चष्मा लावला, प्रत्येक रकान्याची बेरीज केली, सरासरी काढली, आणि दोन्ही सरासऱ्यांखाली लाल रेघ ओढली. "फरक नगण्य," ते म्हणाले. "पत्रा दुरुस्तीला सोपा. अभिनंदन, नागोराव. झाकण अ‍ॅल्युमिनियमचं. कधी सुरुवात करताय?"

दिग्विजय तिथंच उभा होता. तो म्हणाला, "करेक्ट आहे, मामा. डेटा इज डेटा." आणि त्यानं खरंच मामांशी हात मिळवायला हात पुढे केला.

नागोरावांनी तो हात धरला. सोडला नाही. भाच्याचा हात तसाच धरून ते तात्यारावांना म्हणाले, "साहेब, एक रकाना राहिला."

"कुठला?"

"एक ते चार."

तात्याराव चमकले. खासगी बाबीत कुणी नाक खुपसल्यासारखे. "एक ते चार? त्या वेळात काय असतं?"

"ऊन असतं, साहेब."

मग तात्यारावांनी तक्त्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि अंगणात आल्यापासून पहिल्यांदाच ओशाळे दिसले. "दाखवा," ते म्हणाले.

त्यासाठी दुपारपर्यंत थांबावं लागलं. सुशीलाबाईंनी त्यांना पिठलं-भाकरी वाढली. एक वाजला तशा तात्यारावांच्या पापण्या सवयीनं खाली यायला लागल्या. त्यांनी नळाखाली डोकं धरलं. दीड वाजता ते ओसरीत येरझाऱ्या घालत होते. दोन वाजता म्हणाले, "हे तास फारच लांब आहेत. लोक जागेपणी यांचं करतात तरी काय?" अडीचला ते उन्हात आले आणि परक्या देशात उतरल्यासारखे आजूबाजूला बघत राहिले. सावली नसलेली झाडं, झाकलेल्या गाड्या, वितळलेली शांतता.

काचेतून त्यांनी आकडे बघितले. एकोणसाठ. चव्वेचाळीस.

मग प्लायवुडवरचे पेन्सिलीचे आकडे दिसले. खाली तारीखही होती. तात्यारावांनी तारीख वाचली, नागोरावांकडे बघितलं, आणि चार दिवसांचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावरून गेला. ते काही टोचरं बोलणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ते म्हणाले, "आपल्या जागी मी असतो तर मीही चार दिवस लावले असते. कदाचित पाच." आणि मग, "झाकण फायबरचं. दिग्विजय, कामाला लागा."

"हो," नागोराव म्हणाले. तो 'हो' त्यांनी फार व्यवस्थित, कडा घासून बाहेर काढला.

इथेच हे सगळं संपलं असतं. पण फायबरचं काम कसं होतं, हे नागोरावांनी कधी विचारलंच नव्हतं. फायबर हवेत बनत नाही. आधी हुबेहूब आकार करावा लागतो, त्या आकारावरून साचा निघतो, आणि साच्यात झाकण. हत्ती असला तर आकार मातीचा. नऊ मीटरच्या झाकणासाठी दिग्विजयनं प्लायवुड आणि प्लास्टरचा आकार उभा केला. जून संपेपर्यंत त्यानं तो तीनदा घासला. लांबून ठीक दिसे, पण कडेनं डोळा लावला की पाठीवर लाटा.

एका सकाळी तो मामांच्या ओसरीत येऊन बसला.

"मामा, लाटा जात नाहीयेत."

"जाणार नाहीत. प्लास्टर हाताला खरं सांगत नाही."

"मग?"

"मग काय? तुझं काम, तू जाण."

"मामा, प्लीज."

नागोराव कानस चालवत राहिले. आतून सुशीलाबाई म्हणाल्या, "दोन दिवस फुगून बसणार आहेत, मग करणार आहेत. तू परवा ये."

दिग्विजय दोन दिवसांनी आला तेव्हा अंगणात लाकडी कमानींची रांग उभी होती आणि पहिला पत्रा वाळूच्या पिशवीवर पडला होता. सोसायटीची पाटी पाळून, एक ते चार सोडून, नागोराव तिथून पुढे सात आठवडे ठोकत होते. पत्रा लाकडी हातोड्यानं वाळूवर आत ढकलायचा, मग गोल ऐरणीवर गुळगुळीत करायचा, मग शेजारच्या पत्र्याला जोडून सांधा घासायचा, अंगठा फिरवायचा आणि पुन्हा घासायचा. तात्याराव दर आठवड्याला येत, कडेनं डोळा लावत आणि एका शब्दानंही नाव ठेवत नसत. नारायण पेठेत याला पारितोषिक समजतात.

ऑगस्टच्या शेवटी आकार पुरा झाला. त्या सकाळी पाऊस थांबला होता आणि आभाळ धुतलेलं होतं. बोळातली माणसं दारातून डोकावून जात होती. अंगणभर ती लांब चंदेरी पाठ पडली होती, आणि तिच्यावरून ढग चालले होते. एका टोकाकडून शिरत, फुगत, लांबत, निमुळत्या नाकावरून घसरून जात.

"काय आहे हो हे?" शेजारच्या हिराबाईंनी विचारलं.

"काही नाही," नागोराव म्हणाले. "आकार आहे."

आता त्यावर मेण लावून झालं होतं. दिग्विजयनं बादलीत रेझिन घेतलं, ते घट्ट करणारं हार्डनर ओतलं, काठीनं ढवळलं आणि ब्रश उचलला. एकदा फायबर चढलं, की पत्रा झाकला जाणार. साचा निघताना तो वाचेल याची खात्री नव्हती, आणि वाचला तरी त्याचं पुढं काही काम नव्हतं.

"थांब जरा," नागोराव म्हणाले.

दिग्विजय थांबला. तात्याराव खुर्ची ओढून बसले. सुशीलाबाई हात पुसत बाहेर आल्या. एक ढग चिमणीएवढा आला आणि पाठीवर आल्यावर गलबताएवढा झाला. त्याच्यामागून दुसरा. मग निळ्याचा एक मोठा तुकडा, आणि त्यात कुठेतरी वर एक घार, ठिपक्याएवढी, पत्र्यावर गोल गोल फिरणारी. नागोरावांनी तिच्या मागं बोट नेलं. पण टेकवलं नाही, मेण होतं. तात्याराव तर इतके गप्प होते, की ते वर आहेत का खाली, कळत नव्हतं.

"मामा," बऱ्याच वेळानं दिग्विजय हळूच म्हणाला.

बादलीतून वाफ निघत होती. रेझिन तापून, तडकून, पार दगड झालं होतं, आणि काठी त्यात ताठ उभी होती.

"पंधरा मिनिटांच्या वर ठेवायचं नसतं ते," दिग्विजय म्हणाला. "अख्खी बादली गेली."

"दुसरी आण," नागोराव म्हणाले. त्यांची नजर अजून पत्र्यावरच होती. "आणि दुकान लांबचं बघ."